मुक्कामाची जागा आणि दुकानातला माठ

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुमच्या दुकानामागं शहरातली माणसं तंबूत झोपतात आणि वर पैसे देऊन जातात म्हणे. घरात पलंग असताना हे खूळ आलं कुठून?" प्रश्न रास्त आहे. आमच्या सासूबाई अजून हेच विचारतात. आज त्याचं उत्तर देते. उत्तर लांबचं आहे, पार अमेरिकेपर्यंत जातं, पण फिरून आपल्या वेशीपाशीच येतं.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते. आमचं किराणा दुकान सासऱ्यांनी काढलेलं. चहा, साखर, मीठ, काडेपेटी, दोरखंड, बॅटरीचे सेल, असं सगळं मिळतं. मागं धरणाच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली भातखाचरं आणि थोडं वरकस रान. सहा वर्षांपूर्वी तिथं आम्ही सहा तंबू उभे केले. तंबूंना नंबर नाहीत, नावं आहेत: नाचणी, वरई, हुलगा, वाल, तीळ आणि खुरासणी. आंब्याखाली भंगारातून आणलेलं एसटीचं बाकडं आहे. फाटकावर पाटी आहे, 'कोंबडा पहाटे चारला आरवतो, तक्रार कोंबड्याकडेच करावी.' लोक पाटीचे फोटो काढतात आणि दुकानातून शेंगदाण्याची चिक्की नेतात. शनिवार-रविवारी बरं चालतं.

आता खरी गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर भात निघालं, खाचरं मोकळी झाली, आणि नेहमीप्रमाणे धनगरांचा वाडा आला. घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना हे लोक दर वर्षी आमच्या रानात दोन-तीन रात्री मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. ही रीत माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. वाड्यातली म्हातारी दुकानाच्या पायरीशी आली, माठातलं पाणी प्याली आणि म्हणाली, "वहिनी, यंदा कुठं बसवायचा वाडा?" त्या दिवशी सहाच्या सहा तंबू भरलेले होते. मेंढरांचा वास, कुत्र्यांचं भुंकणं, रात्रभर बें-बें. आमचे हे आतून मान हलवून नको म्हणत होते. मी म्हातारीला म्हटलं, "आजी, संध्याकाळी सांगते."

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. लग्नानंतर गल्ल्यावर बसले, पण वाचायचं सुटलं नाही. त्या दुपारी गिऱ्हाईक कमी होतं आणि मला वाचलेलं एकेक आठवत गेलं. तेच आज तुम्हाला सांगते.

हौसेनं उघड्यावर राहायची चाल अमेरिकेत मोटारीबरोबर पसरली. १९०८ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून 'मॉडेल टी' नावाची मोटार बाहेर पडली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. किंमत उतरत गेली तशी शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या दारातही मोटार उभी राहू लागली. त्याआधी लांबचा प्रवास म्हणजे आगगाडी, तिचं वेळापत्रक आणि स्टेशनाजवळचं महागडं हॉटेल. आता कुटुंब गाडीत बसायचं, मागं तंबू, भांडी, अंथरुणं बांधायची आणि अंधार पडला की जिथं असेल तिथं थांबायचं. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, कुणाच्या तरी शेतात चूल पेटायची.

सुरुवातीला शेतकऱ्यांनी कौतुकानं जागा दिली. पण एक गाडी येणं वेगळं आणि रोज दहा येणं वेगळं. सकाळी मागं रिकामे डबे, कागद, राख राहायची. कुणी बागेतली फळं तोडायचं, कुणी कुंपण वाकवायचं. तुमच्या-माझ्या शेतात सहली येऊन जातात तेव्हा काय होतं, ते आठवा. तक्रारी वाढल्या.

तेव्हा गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. वाटसरू थांबला तर पेट्रोल घेतो, पाव, दूध, अंडी घेतो, टायर बदलतो. मग त्याला गावाबाहेर कशाला झोपू द्यायचं? गावानं स्वतःच जागा द्यावी, नळ द्यावा, चूल द्यावी, संडास बांधावा, आणि तेही फुकट! १९२० नंतर अमेरिकेत अशा फुकट तळांची लाट आली. आपल्या तळावर जास्त गाड्या याव्यात म्हणून शेजारशेजारच्या गावांत चढाओढ लागली. डेन्व्हर शहरानं तर शर्यतीच्या जुन्या मैदानावर, नदीकाठी शेकडो गाड्यांचा तळ उभा केला. त्याचं नाव ओव्हरलँड पार्क. तिथं किराण्याचं दुकानही होतं.

म्हणजे बघा, तंबूचा हा धंदा डोंगर आणि चांदणं बघून सुरू झाला नाही. तो दुकानाच्या गल्ल्यातून सुरू झाला. जागा फुकट होती, कमाई दुकानात होती. आमच्याकडंही हिशेब थोडाफार तसाच आहे. तंबूचं भाडं डागडुजीत जातं, हातात राहतं ते चहा, पोहे, चिक्की आणि कोंबडीच्या रश्श्याचं.

पण हे फुकट तळ फार वर्षं टिकले नाहीत, आणि का टिकले नाहीत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या मोटारी स्वस्तात विकायला आल्या तशी गरीब माणसंही गाडीतून फिरू लागली. काम शोधत या गावाहून त्या गावाला जाणारी कुटुंबं, शेतमजूर, फिरते विक्रेते. ते तळावर चार दिवस, आठ दिवस राहायचे. त्यांच्या खिशात दुकानात खर्चायला पैसे नसायचे. मग 'नको ते लोक' येतात, घाण होते, बाकीचे प्रवासी नाराज होतात, अशी बोलणी सुरू झाली. १९२५ च्या आसपास गावोगाव रात्रीला २५ किंवा ५० सेंट भाडं लागलं, नाव नोंदवायची वही आली, किती दिवस राहायचं यावर बंधन आलं. रक्कम लहान होती, पण ती कुंपणाचं काम करत होती.

मैत्रिणींनो, गल्ल्यावर बसल्या बसल्या इथंच माझं मन अडलं. मी मनाला सांगत होते की मला धनगरांचं काही वावडं नाही, अडचण वासाची आहे, गिऱ्हाइकाची आहे. त्या गावांनीही हेच म्हटलं होतं. आम्हाला गरिबांचं वावडं नाही, अडचण स्वच्छतेची आहे.

पुढं काय झालं ते सांगते. सरकारी तळाला भाडं लागलं तेव्हा खासगी माणसाला वाव मिळाला. फुकटाशी कोण स्पर्धा करणार? पण ५० सेंटाशी करता येत होती. रस्त्यालगतच्या शेतकऱ्यानं शेताचा तुकडा मोकळा केला, पुढं पेट्रोलचा पंप, शेजारी दुकान, मागं तंबूची जागा आणि मग लाकडी खोल्या. हा धंदा बहुतेक ठिकाणी नवरा-बायकोचा होता. नवरा पंप आणि दुरुस्ती बघायचा. चादरी धुणं, खोल्या झाडणं, अंडी-दूध विकणं, रात्री उशिरा आलेल्या गाडीला दार उघडणं, हे बाई बघायची. माणूस बरा की वाईट, याला जागा द्यायची की नाही, हेही पुष्कळदा दारात उभी असलेली बाईच ठरवायची.

यातल्या एका बाईची गोष्ट मला फार आवडते. साउथ डकोटा राज्यात वॉल नावाचं गाव आहे. वस्ती तेव्हा सव्वातीनशेच्या घरातली. १९३१ साली टेड हसटेड आणि त्याची बायको डॉरोथी यांनी तिथं औषधांचं दुकान घेतलं. काळ मंदीचा, त्यात दुष्काळ. चार-पाच वर्षं दुकानात माशा मारण्यापलीकडं काम नव्हतं. १९३६ च्या उन्हाळ्यात एका रविवारी डॉरोथी लेकराला घेऊन आडवी झाली, पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या खडखडाटानं झोप लागेना. ती उठून दुकानात आली आणि नवऱ्याला म्हणाली की या लोकांना एवढ्या उन्हात काय हवं असेल? गार पाणी. आपल्याकडं बर्फ आहे. 'बर्फाचं पाणी फुकट' अशा पाट्या रस्त्यावर लावू. पाट्या लागल्या आणि गाड्या वळू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात मदतीला आठ मुली ठेवाव्या लागल्या. आज त्या दुकानाला भली मोठी बाजारपेठ झाली आहे. रस्त्यावर मोठा डायनासोर उभा आहे, शिंगं असलेल्या सशाचा पुतळा आहे, सगळा गमतीचा कारखाना आहे. पण फुकट पाणी अजून मिळतं.

आपल्याला यात नवं काही नाही. पाणपोई आपण पिढ्यान् पिढ्या घालतो. पण दुकानाच्या पायरीवरचा पाण्याचा माठ ही साधी गोष्ट नाही, एवढं या गोष्टीनं मला शिकवलं. वाटसरूची ओळख विचारण्याआधी त्याची तहान विचारायची.

पुढं मोठ्या भांडवलाची माणसं या धंद्यात उतरली. १९६२ साली सिॲटल शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिकडं जाणारी कुटुंबं माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावावरून जायची. डेव्ह ड्रम नावाच्या उद्योजकाच्या मनात आलं की नदीकाठच्या आपल्या जमिनीवर यांना उतरवावं. रात्रीला पावणेदोन डॉलर, त्यात टेबल, शेकोटीची जागा, गरम पाण्याची अंघोळ, संडास आणि लहानसं दुकान. त्यातूनच 'के.ओ.ए.' नावाची तळांची प्रचंड साखळी उभी राहिली. तंबू, गरम पाणी आणि शेजारी दुकान, हा आजचा आराखडा तिथं पक्का झाला. आमच्याकडं येणारी मुलं पहिलं काय विचारतात? "काकू, गरम पाणी आहे ना?"

पण ही सगळी मजा सगळ्यांना होती का? नव्हती. काळ्या वर्णाच्या अमेरिकन कुटुंबाकडं मोटार असली तरी रात्री थांबायला जागा नसायची. हॉटेल नाही म्हणायचं, खाणावळ नाही म्हणायची, पेट्रोल देणारा संडास वापरू द्यायचा नाही. म्हणून लोक घरातूनच जेवण बांधून घ्यायचे आणि रात्र रात्र गाडी हाकायचे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा टपालखात्यातला माणूस. त्यानं १९३६ साली एक लहान पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशांना कुठं जागा मिळेल, कुठं जेवण मिळेल, त्याची यादी. लोक तिला 'ग्रीन बुक' म्हणत. ती तीस वर्षं निघत राहिली. डॉरोथीच्या पाट्या लागल्या तेही १९३६ साल होतं. एका रस्त्यावर फुकट पाण्याची पाटी, आणि त्याच देशात पाणी कुठं मिळेल याचं छापलेलं पुस्तक.

त्या पुस्तकाच्या यादीत मोठी हॉटेलं थोडी, पण 'मिसेस अमुक', 'मिसेस तमुक' अशी बायांची नावं खूप. या काळ्या समाजातल्या गृहिणी होत्या. घरातली एखादी खोली आवरायची, स्वच्छ चादर घालायची, येईल त्याला गरम जेवण वाढायचं. या बायांच्या घरांवर हजारो कुटुंबांचा प्रवास सुखरूप झाला.

सरकारी रानांतही भेदभाव होताच. व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन नावाचा तळ केला. झाडी तीच, डोंगर तोच, पण पाटी 'काळ्या लोकांसाठी'. १९५० पर्यंत ही वेगळी सोय मोडली आणि तळ सगळ्यांना खुला झाला. आज तिथं गोरे, काळे सगळे शेजारी शेजारी तंबू ठोकतात.

देशभरच्या हॉटेलांना आणि खाणावळींना कायद्यानं बांधलं ते १९६४ साली. रंग, धर्म, वंश बघून जागा नाकारायची नाही, असा नागरी हक्कांचा कायदा झाला. पण त्यात एक सवलत राहिली. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाचाहून जास्त नसतील, तर त्याला हा नियम लागू नाही. चर्चेत या सवलतीला 'मिसेस मर्फी'चं नाव पडलं. अशी बाई खरी नव्हती, घरातल्या दोन-चार खोल्या भाड्यानं देणारी कुणीतरी बाई, असं गृहीत धरलं होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्यानं बाईच्या उंबऱ्याशी येऊन पाय आवरला. इथून पुढं काय करायचं ते तिच्या मनावर सोडलं. गल्ल्यावर बसून मला वाटलं, माझे तंबू सहा. मी काय आणि मिसेस मर्फी काय, फार अंतर नाही.

आता आपल्याकडं येऊ. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतलं झालं, आपल्याकडं तर अतिथीला देव मानतात. मानतात, पण सगळ्या अतिथींना नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात १९०१ सालची एक आठवण लिहिली आहे. बाबासाहेब तेव्हा दहा वर्षांचे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला भाऊ आणि भाच्यांबरोबर निघाले, मसूर स्टेशनला उतरले. जात कळल्यावर गाडीवाले गाडी द्यायला तयार होईनात. दुप्पट भाडं दिलं आणि गाडी स्वतः हाकायची कबूल केलं, तेव्हा कुठं एक गाडीवाला बरोबर चालायला तयार झाला. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम केला. जवळ डबा होता, पण पाणी नव्हतं. नाक्यावरच्या माणसाकडं मागितलं तर मिळालं नाही. जेवणाचा डबा तसाच बंद करून मुलं उपाशी झोपली.

वाटेवरची जागा आणि पाणी. अडलं ते एवढ्यावर. पुस्तकं वाचताना हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता. पण स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर माठ ठेवून वाचताना तो वेगळा लागतो.

आपल्याकडं वाट काढणारेही झाले. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, हे आपण शाळेत शिकलो. गाडगेबाबांनी पंढरपुरात ज्यांना कुणी उतरू देत नव्हतं त्या वारकऱ्यांसाठी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभारली. ज्या चोखोबांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आलं नाही, त्यांच्या नावाचं छप्पर. १९४९ साली ती धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली झाली. आणि १९५० साली राज्यघटना लागू झाली, तिच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते यांची नावं घेऊन लिहिलं आहे की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान बघून कुणाला अडवायचं नाही. नीट ऐका, त्या यादीत दुकान आहे. लहान दुकान, मोठं दुकान असा भेद नाही. मिसेस मर्फीची सवलत आपल्या घटनेत या कलमात नाही. अमेरिकेच्या त्या कायद्याआधी १४ वर्षं आपण हे लिहून ठेवलं. पाळलं किती, ते तुम्ही-मी जाणतो.

तर संध्याकाळ झाली. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "आपल्या रानात पहिला मुक्काम कुणी केला? हे तंबू काल आले. वाडा आधीपासून येतो." ते म्हणाले, "आणि गिऱ्हाईक गेलं तर?" मी म्हटलं, "गेलं तर गेलं." हे बोलणं सोपं होतं. खरोखर गेलं तेव्हा पोटात गोळा आला.

वरच्या अंगाच्या खाचरात, पाण्यापासून लांब आणि वारा उलटा लागेल अशा बाजूला वाडा बसवला. कुत्री बांधायची, असं ठरलं. नळ दुकानाशेजारचाच, सगळ्यांना एक. तंबूतल्या लोकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. चार तंबूंचा एक मोठा गट होता, त्यांना पटलं नाही. दोन रात्रींचे ७,२०० रुपये परत दिले, ते रात्रीच निघून गेले. उरलेल्या दोन तंबूंतली माणसं राहिली. त्यातल्या एका मुलीनं सकाळी म्हातारीकडून लोकर कशी कातरतात ते विचारून घेतलं. दुसऱ्या तंबूतले गृहस्थ वासाला नाक मुरडत होते, पण राहिले. तीन रात्रींनी वाडा कोकणाच्या वाटेला लागला. खाचराला खत झालं, विकतच्या शेणखताची एक ट्रॉली वाचली. तरी पैशाचा हिशेब तोट्याचाच झाला, हे लपवत नाही.

सासूबाईंनी मात्र त्या तीन दिवसांत तंबूंबद्दल एकदाही विचारलं नाही. जाताना म्हातारीच्या ओटीत तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "आता मिरगाआधी परत येशील, तेव्हा तंबूवाल्यांना मी बघते."

मिरग आता दोन महिन्यांवर आला. मे महिन्याचं तंबूंचं बुकिंग सुरू झालं आहे. यंदा फोनवरच सांगते की आमच्याकडं कोंबडा आरवतो, आणि काही रात्री मेंढरंही असतात. काही जण ऐकून फोन ठेवतात. आमच्या ह्यांनी रानाला तारेचं कुंपण करायचं ठरवलं आहे, त्याला माझी ना नाही, पाण्याकाठी लहान मुलं खेळतात. फाटक कुठं ठेवायचं आणि किती रुंद ठेवायचं, यावर अजून बोलणं चाललं आहे. मेंढरांचा कळप आत येईल एवढं रुंद हवं, असं माझं म्हणणं आहे.

ज्या मैत्रिणी घरच्या खोल्या, शेतातली जागा पाहुण्यांना देतात, किंवा द्यायचा विचार करतात, त्यांनी फोन जरूर करा. भाडं किती ठेवायचं ते सांगीन. पण त्याआधी दुकानाच्या नाहीतर घराच्या पायरीवर एक माठ ठेवा, वर झाकण आणि बाजूला पेला. उन्हाळा लागला आहे. येते. नमस्कार.